परिशिष्टातला शेतकरी

सरकारी अहवालाचं रसग्रहण म्हटलं की पहिली शंका येते ती रसाचीच. तक्ते, टक्केवाऱ्या, कलेक्टरांचे अभिप्राय, खाली साहेबांच्या सह्या. यात रस तो कुठला? ‘दख्खनचे दंगे’ या नावानं पाठ्यपुस्तकात गेलेल्या घटनेचा मूळ चौकशी अहवाल निगुतीनं वाचला, तर ही शंका फार काळ टिकत नाही. १८७५ च्या उन्हाळ्यात पुणे आणि नगर जिल्ह्यांतले शेतकरी सावकारांच्या दारात जाऊन उभे राहिले आणि त्यांनी कर्जाची खतं जाळली. सरकारनं चौकशी समिती नेमली, तिचा अहवाल आला आणि १८७८ मध्ये तो ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. पाठ्यपुस्तकात ही सगळी हकीकत पाच-सहा ओळींत आटोपते: कापसाचे भाव पडले, सारा वाढला, सावकारानं पिळलं, दंगा झाला, कायदा आला. मूळ कागदांत या प्रत्येक शब्दामागे एखादं गाव, एखादी बैलजोडी, एखादी न मिळालेली पावती आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. इंग्रजांनी दख्खनेत थेट शेतकऱ्याशी सारा ठरवायची रयतवारी पद्धत बसवली. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या मोजणीवरून इंदापूर तालुक्यात १८३६ मध्ये तीस वर्षांसाठी सारा ठरला आणि मग तीच पद्धत इतरत्र गेली. तीस वर्षांची मुदत भरत आली तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिथला कापूस इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून मुंबईच्या बाजारात हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार सढळ हातानं पैसे देऊ लागला, शेतकरीही घेऊ लागला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव उतरले. नेमक्या त्याच सुमारास फेरमोजणी झाली आणि अनेक गावांत सारा निम्म्याहून अधिक वाढला. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं या वाढीविरुद्ध दंग्याच्या आधीपासूनच आवाज उठवला होता. भाव खाली, सारा वर आणि सावकारानं हात आखडता घेतलेला, अशा कात्रीत पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्याचा शेतकरी सापडला.

१२ मे १८७५ रोजी सुप्यात ठिणगी पडली. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतलं सुपे ते हेच. आज ते बारामती तालुक्यात येतं, तेव्हा भीमथडीत होतं. बाजाराचं गाव असल्यानं दुकानदार आणि सावकार तिथे बरेच. आसपासच्या गावांतून लोक जमले. त्यांनी सावकारांकडे वह्या आणि खतं मागितली, हाती लागली ती जाळली, धान्याची दुकानं लुटली, काही घरांना आगी लावल्या. पुढच्या काही आठवड्यांत पुणे-नगर मिळून तीसहून अधिक गावांत हेच घडलं. पोलीस आले, लष्कर आलं. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ लोकांना पकडलं आणि त्यांतल्या ५०१ जणांवर गुन्हा शाबीत झाला.

मुंबई सरकारला सुरुवातीला यात फार काही गंभीर वाटलं नव्हतं. कलकत्त्याच्या सरकारला मात्र १८५७ ची आठवण ताजी होती. त्यांनी रेटा लावला म्हणून समिती बसली. रिची, लायन, ऑकलंड कॉल्व्हिन आणि रावबहादूर शंभुप्रसाद लक्ष्मीलाल हे तिचे सदस्य. तिच्यापुढचे प्रश्न मुळातच टोकदार होते, आणि त्यांतला सगळ्यांत अडचणीचा म्हणजे सरकारी साऱ्यामुळे हा उठाव झाला का? हा प्रश्न ध्यानात ठेवूनच पुढचं प्रत्येक पान वाचावं लागतं. घरच्याच माणसांनी घराची चौकशी करायची, तर त्यांच्या लेखणीला कुठे धार येईल आणि ती कुठे बोथट होईल, याचा अंदाज तिथेच बांधता येतो.

तरीही या लेखणीला एक जागा अशी सापडली, की तिथे ती चकित झालेली दिसते. दंग्याचं वर्णन करताना समिती जे सांगते त्याचा सारांश असा: दंगेखोरांना सगळीकडे हवे होते ते सावकाराच्या ताब्यातले रोखे आणि कोर्टाचे हुकूमनामे. सावकारानं ते मुकाट्यानं काढून दिले, तर जमाव बहुधा आणखी काही करत नसे. त्यानं नकार दिला किंवा दार लावून घेतलं, तरच जबरदस्ती होई, आणि तीही कागद हाती येईपर्यंत. वर्णन एवढंच आहे. विशेषणं जवळजवळ नाहीत, आणि म्हणूनच ते ठसतं. दंगा म्हटला की सरकारी गद्यात झुंड, माथेफिरू, लुटारू हे शब्द आपसूक येतात. इथे मात्र लिहिणाऱ्याला एक क्रम दिसला: आधी मागणी, मग नकार, मग बळ, आणि कागद मिळाला की माघार. हा क्रम लिहून ठेवताना आपण दंगेखोरांच्या बाजूचाच पुरावा नोंदवतो आहोत, याची लेखकाला कल्पना होती की नाही, कोण जाणे. जमावाला सावकाराचा जीव नको होता, त्याच्या तिजोरीपेक्षाही त्याचं दप्तर महत्त्वाचं होतं, हे त्या क्रमातून वाचणाऱ्याला आपोआप कळतं.

खतच का? याचं उत्तर अहवालात विखुरलेलं आहे, ते आपल्याला जुळवून घ्यावं लागतं. १८५९ मध्ये मुदतीचा कायदा आला. साध्या खताला तीन वर्षांची मुदत ठरली. थकलेल्या कर्जाच्या जुन्या दाव्यांखाली शेतकरी कायमचा दबून राहू नये, असा त्यामागचा हेतू सांगितला जातो. सावकारानं त्यावर सोपा तोडगा काढला. दर तीन वर्षांनी तो शेतकऱ्याकडून नवं खत लिहून घेऊ लागला आणि थकलेलं व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून चढवू लागला. आपल्याकडे दामदुपटीची जुनी रीत होती: व्याज कितीही साचलं तरी मुद्दलाच्या पलीकडे जायचं नाही. नव्या मुद्दलानं ही रीत बिनबोभाट निकालात निघाली. समितीनं तपासलेल्या एका प्रकरणात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावलं होतं. अक्षरशत्रू कुणब्याची सही म्हणजे नांगराची निशाणी. खताच्या तळाशी तो नांगर उमटला की वरचा सगळा मजकूर त्याचा झाला. मग एकतर्फी हुकूमनामा, मग जप्ती. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हे कर्ज कागदातच वाढत होतं, आणि त्यानं हात घातला तो नेमका तिथेच.

या अहवालाचा खरा ऐवज त्याच्या परिशिष्टांत आणि जबान्यांत आहे. त्यांतले दोन कागद जवळून पाहण्यासारखे आहेत.

पहिला कागद नोव्हेंबर १८७३ चा, एका शेतकऱ्यानं सावकाराला लिहून दिलेलं भाडेपत्र. मजकूर थोडक्यात असा: तुमच्या येणे कर्जापोटी मी माझ्या लोखंडी आसांच्या दोन गाड्या, त्यांच्या सगळ्या सामानासह, आणि चार बैल तुम्हाला विकले आहेत. त्याच गाड्या आणि तेच बैल मी तुमच्याकडून भाड्यानं घेतले आहेत. दरमहा चार रुपये भाडं देईन आणि तुमच्या हातची पावती घेईन. पावती नसेल, तर भाडं दिल्याचं म्हणणार नाही.

एखाद्या कसलेल्या कथाकारालाही एवढ्या थोड्या शब्दांत एवढं बसवणं जड जावं. ‘लोखंडी आसांच्या’ या तपशिलाकडे पाहा. पूर्वीच्या गाड्यांचे आस लाकडी असत. लोखंडी आसाची गाडी म्हणजे चार पैसे खुळखुळत होते तेव्हाची कमाई, बाजाराला लांबवर माल नेता यावा म्हणून केलेला खर्च. म्हणजे हा माणूस गावातला अगदीच गयाबापडा नव्हे. दोन गाड्या आणि चार बैल म्हणजे दोन औतं जुंपण्याइतका तो सुस्थितीत होता. त्या एका तपशिलानं त्याची चढती आणि उतरती कमान दोन्ही एकाच ओळीत आल्या. मग येतो ‘त्याच’ आणि ‘तेच’ हा आग्रह. गोठा तोच, दावं तेच, वैरण टाकणारा हातही तोच. मालक तेवढा बदलला. महिन्याला चार म्हणजे वर्षाला अठ्ठेचाळीस रुपये, आपल्याच बैलांना औत ओढायला लावण्याचे.

शेवटची अट सगळ्यांत भेदक. पावती देणारा सावकार. पावती मिळाली नाही तर तक्रार करायचा हक्क सोडून देणारा शेतकरी. आणि हे सगळं ‘मी’ म्हणून लिहिलेलं. या खतातला ‘मी’ शेतकऱ्याचा असला तरी शब्द त्याचे नाहीत. ते सावकाराच्या बाजूनं लिहिणाऱ्याचे आहेत, आणि त्याच शब्दांत शेतकरी स्वतःचं तोंड स्वतःच बंद करून घेतो. कादंबरीत असा निवेदक आला असता, तर समीक्षकांनी त्यावर निबंध लिहिले असते. इथे तो कोर्टात चालणारा दस्तऐवज होता.

दुसरा कागद म्हणजे नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातील मिरजगावच्या रयतेनं कलेक्टरला केलेला अर्ज. त्याचा सूर वेगळा. सावकार अलीकडे जाच करू लागले आहेत, घरखर्च भागत नाही म्हणून त्यांच्याकडे पैसा, कापड, धान्य मागावं लागतं आणि तेही कडक अटी लिहून दिल्यावरच मिळतं, अशी सुरुवात आहे. मग नेमका हिशेब येतो: रोख गिऱ्हाइकाला ज्या भावानं माल मिळतो, त्यापेक्षा आम्हाला पंचवीस ते पन्नास टक्के चढ्या भावानं घ्यावा लागतो. आणि शेवटी, शेतातलं पीक सावकार उचलून नेतो, खात्यावर जमा करू म्हणतो, पण करत नाही, आणि पावतीही देत नाही.

दोन्ही कागद शेजारी ठेवले की पावती हा धागा आपोआप हाती येतो. भाडेपत्रात ती अट म्हणून आली, अर्जात गाऱ्हाणं म्हणून आली. एका कागदात सावकाराची भाषा, दुसऱ्यात रयतेची, आणि दोघंही एकाच जागेवर बोट ठेवतात. अभिलेखांच्या वाचनाची गंमत इथे आहे. एकेकटा कागद काहीही म्हणू शकतो, अर्जदार अतिशयोक्ती करतोच. पण सावकारानं स्वतःच्या सोयीसाठी घातलेली अट जेव्हा रयतेच्या तक्रारीला दुजोरा देते, तेव्हा तो पुरावा पक्का होतो. अर्जाची भाषाही पाहण्यासारखी आहे. त्यात सावकाराला शिव्या नाहीत, देवाधर्माची आण नाही. भाव, टक्के, जमा, पावती असे हिशेबाचेच शब्द रयत वापरते, कारण सरकारला तेवढेच कळतात, हे तिला पुरतं ठाऊक आहे. आणि या दोन्ही कागदांत बायका कुठेच नाहीत. ‘घरखर्च भागत नाही’ या तीन शब्दांमागे ज्या बाईनं मडकी चाचपली, ती या दप्तरात कधीच बोलत नाही.

दंगा कुणाविरुद्ध झाला, याची अहवालातली नोंदही बारकाईनं वाचावी लागते. मार बसला तो जवळजवळ अपवादाशिवाय मारवाडी आणि गुजर सावकारांना. ज्या गावांत ब्राह्मण किंवा इतर जातींचे सावकारही तोच धंदा करत होते, तिथेही त्यांना बहुधा धक्का लागला नाही. समितीनं हे निरीक्षण नोंदवलं आणि ते खरंही असावं. पण त्याचा अर्थ लावताना सावध राहायला हवं. बाहेरून आलेला सावकार गावाशी सोयरिकीनं वा वतनानं बांधलेला नव्हता, त्याच्यावर गावाचा दाब चालत नव्हता, हे एक कारण दिसतं. त्याच वेळी हेही खरं, की ‘परका सावकार’ ही आकृती सरकारला सोयीची होती. सगळा राग तिच्याकडे वळला की साऱ्याकडे कुणी बोट दाखवत नाही. निरीक्षण बरोबर असूनही त्याचा वापर एकांगी होऊ शकतो, याचा हा नमुना.

ठिणगीच्या आधीचा धूरही अहवालात आहे. शिरूर तालुक्यातल्या करडे गावी डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम या सावकारानं दीडशे रुपयांच्या कर्जापायी बाबासाहेब देशमुखांवर हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं घर पाडायला घेतलं. देशमुखाच्या घराला हात लागला, म्हणजे उद्या कुणाच्याही घराला लागेल, हे गावाला उमगलं आणि गावानं सावकारांवर बहिष्कार घातला. इंदापूर तालुक्यातल्या एका गावाचं संमतीपत्रही नोंदलं गेलं आहे: जो कुणी गुजर सावकाराचं शेत करील किंवा त्याची चाकरी धरील, त्याचं काम न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार करणार नाहीत. मला हा कागद दंग्याच्या वर्णनापेक्षाही बोलका वाटतो. इंग्रजी कोर्टाच्या हुकूमनाम्याला गावानं आपल्या जुन्या बलुतेदारी हत्यारानं उत्तर दिलं होतं. खतं जळण्याच्या आधी गावगाड्याचा हा उपाय करून पाहिला गेला, आणि तो पुरला नाही.

अफवेचीही एक नोंद आहे. सावकारांचे कागद काढून घ्यायचा हुकूम खुद्द सरकारनंच दिला आहे, असं लोक बोलत होते. लिहिणाऱ्याला हे अडाणीपण वाटलं असणार. आज वाचताना दिसतं ते असं, की ज्यानं सारा वाढवला, ज्याच्या कोर्टानं जप्त्या केल्या, त्याच सरकारच्या न्यायबुद्धीवर रयतेचा अजून भरवसा होता. समितीपुढे जबान्या द्यायला माणसं पुढे आली, ती याच भरवशावर.

समितीनं काय केलं? सगळा पुरावा मांडून झाल्यावर निष्कर्ष काढला, की शेतकऱ्याच्या संतापाचं कारण सरकारी सारा नव्हे, सावकार आहे. समितीतल्याच ऑकलंड कॉल्व्हिन यांनी सारावाढीवर बोट ठेवणारं वेगळं टिपण लिहिलं. म्हणजे अहवालाच्या पोटातच त्याचा प्रतिवाद आहे. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला, तो पहिल्या निष्कर्षाच्या वाटेनं गेला. कोर्टाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायची मुभा मिळाली, खतं गावच्या रजिस्ट्रारपुढे करायची ठरली, हप्ते बांधून देता येऊ लागले, कर्जापायी तुरुंग बंद झाला, आणि पावती देणं सावकारावर बंधनकारक झालं. मिरजगावच्या अर्जातली पावती अशी कायद्याच्या कलमात गेली. साऱ्याची गोष्ट मात्र टिपणातच राहिली. मधल्या काळात १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ पडून गेला होता आणि १८७९ च्या सुरुवातीला वासुदेव बळवंत फडक्यांनी पुणे जिल्ह्यात बंड उभारलं होतं. कायद्याची घाई समजून घ्यायला तेही ध्यानात ठेवावं लागतं.

हीच हकीकत १८८५ मध्ये जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या पुणे खंडात येते. गॅझेटियर म्हणजे जिल्ह्याची सरकारी कुंडली: जमीन, पिकं, जाती, व्यापार, सारा, न्याय, गावं. दंग्याची कथा तिथे भांडवल आणि कर्जाच्या प्रकरणात बसवली आहे. कुठलीही घटना कुठल्या मथळ्याखाली गेली, यावर तिचा अर्थ किती अवलंबून असतो, याचं हे उदाहरण. तीच हकीकत जमीनमहसुलाच्या प्रकरणात गेली असती, तर वाचकानं ती वेगळ्या नजरेनं वाचली असती. गॅझेटियरवरून पुढची जिल्हावर्णनं झाली, त्यांवरून तालुक्याची, त्यांवरून गावच्या शाळेच्या शताब्दी स्मरणिकेतलं ‘आमच्या गावाचा इतिहास’ हे प्रकरण. प्रत्येक पायरीवर हकीकत सुटसुटीत होत गेली आणि लोखंडी आसांच्या गाड्या वाटेत गळल्या.

म्हणून स्थानिक इतिहास लिहू पाहणाऱ्यानं उलट्या वाटेनं जावं. अहवालात गावाचं नाव आलं असेल, तर तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन त्या गावचं शेतवार पत्रक आणि इतर जुन्या नोंदी पाहाव्यात. दंग्याच्या आधी कुठला सर्व्हे नंबर कुणाच्या नावे होता, नंतर कुणाच्या झाला, सावकाराचं नाव कधी चढलं आणि कधी उतरलं, हे त्या जीर्ण पानांवर मिळू शकतं. गेल्या काही वर्षांत कुणबी दाखल्यांसाठीच्या नोंदींच्या शोधामुळे अशा दप्तरांकडे आणि मोडी लिपी वाचणाऱ्यांकडे लोकांचे पाय वळले आहेत. दाखल्यापुरतं आपलं आडनाव सापडलं की बहुतेक जण दप्तर मिटतात. त्याच पानावरचे शेजारचे सर्व्हे नंबर वाचले, तर आख्ख्या गावाची गोष्ट निघेल. जोडीला गावातली तोंडी आठवण हवी. कुठला वाडा पडला, कुणाचं दुकान बंद झालं, कुठल्या शेताला अजून ‘मारवाड्याचा मळा’ म्हणतात, हे कुठल्याच परिशिष्टात नसतं. आठवण तारखा चुकवते आणि दप्तर माणसं गाळतं, तेव्हा दोघांनाही एकमेकांपुढे उभं करून साक्ष घ्यावी.

महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. सारा, सावकार, भट-कामगार (म्हणजे ब्राह्मण सरकारी नोकर) आणि गोरे अधिकारी या सगळ्यांना त्यांनी एकत्र धारेवर धरलं. समितीनं ज्या दोन गोष्टी वेगळ्या काढून एकीला दोषमुक्त केलं, त्या फुल्यांनी पुन्हा एकत्र बांधल्या. अहवाल आणि असूड शेजारी ठेवून वाचण्याची मजा वेगळीच आहे. एकाकडे तक्ते आणि जबान्या आहेत, दुसऱ्याकडे संताप आणि अर्थ. एकाशिवाय दुसरा अपुरा वाटतो.

एवढं वाचून झाल्यावर या अहवालाबद्दल मनात कृतज्ञता राहते आणि चीडही. ज्यांनी तो लिहिला त्यांनी सरकारला वाचवलं, आणि त्याच दमात सरकारविरुद्धचा उत्तम पुरावाही जपून ठेवला. निकाल त्यांच्या हातात होता, जबान्या पूर्णपणे नव्हत्या. जुन्या सरकारी कागदाचं मोल या फटीत असतं. तेव्हा असा अहवाल हाती आला, तर निष्कर्षाचं प्रकरण शेवटाला ठेवावं. आधी परिशिष्टं, अर्ज, खतं वाचावीत, स्वतःचा निकाल स्वतः लिहून पाहावा आणि मगच समितीचा उघडावा. दोन्ही निकालांत जेवढं अंतर पडेल, तेवढं संशोधन आपल्याला करायचं उरलं आहे असं समजावं.